मोकळा खांदा

डॉक्टरीणबाईंनी माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर टाचणी धरली आणि विचारलं, "काही जाणवतंय?"

मी म्हटलं, "टोचा की आधी."

त्या म्हणाल्या, "टोचून झालं."

मग त्यांनी मान, खांदा, दंड असं सगळं चाचपून पाहिलं आणि विचारलं, "एवढं काय उचलता हो तुम्ही?" मी सांगितलं, बॅग. कॅमेऱ्यांची. बारा वर्षं झाली, याच खांद्यावर. त्यांनी कागदावर एक रेघ काढून मला नस दाखवली. मानेतून निघते, खांद्यावरून येते आणि बोटांत संपते. ती खांद्यावर दबत होती. अंगठा अर्धा बधिर झाला होता आणि तर्जनी जवळजवळ पूर्ण.

"नस अजून मेलेली नाही, दबलेली आहे," त्या म्हणाल्या. "सहा आठवडे हा खांदा मोकळा ठेवा. काही म्हणजे काही उचलायचं नाही. आत्ता थांबलात तर बोट परत येईल. असंच चालू ठेवलंत, तर मी शब्द देणार नाही."

शेजारच्या खुर्चीत माझा नवरा बसला होता. कपाळाला आठ्या घालून, अगदी मन लावून ऐकत होता. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "कळलं. म्हणजे आमची बॅगच चुकीची आहे."

"बॅग नाही हो, वजन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी. वजन नीट वाटलं जायला हवं. काळजी करू नका, आम्ही चांगली आरामदायी बॅग घेतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे पाहिलं. त्याच्या खांद्यावर बॅग नव्हती आणि तो ताठ उभा होता.

एक गोष्ट आधीच सांगते. माझा नवरा दुष्ट नाही. दुष्ट असता तर बरं झालं असतं, चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते. तो काळजी करणारा माणूस आहे. माझं डोकं दुखलं की तो डोकेदुखीवर दोन तास वाचतो आणि मग मला उठवून सांगतो की झोप ही त्यावर चांगली.

आम्ही दोघं एकाच स्टुडिओत शिकलो, एकाच मालकाच्या शिव्या खाल्ल्या. लग्न झालं तेव्हा दोघांकडे एकेक कॅमेरा होता. मग त्याचा कॅमेरा मोठा झाला. भिंगं वाढली, फ्लॅश वाढले, स्टँड आले, बॅटऱ्या आल्या, आणि हे सगळं एका बॅगेत आणि बॅग कोणाच्या तरी खांद्यावर. कार्यक्रमात तो पुढे असतो, मी त्याच्या मागे. तो न बघता हात मागे करतो आणि मी त्या हातावर भिंग ठेवते. कुठलं भिंग हवंय ते तो सांगत नाही. ते मला कळतं. याचं तो लोकांत कौतुक करतो.

अधूनमधून हात रिकामा मिळाला की मी माझ्या कॅमेऱ्याने काढते. चेहरे. कोणी कोपऱ्यात चपला शोधत असतं, कोणी भाषण ऐकता ऐकता पेंगत असतं, कोणी आपल्या मुलीकडे बघत असतं आणि आपण बघतोय हे त्याला माहीत नसतं. अल्बम तयार झाला की लोक त्याने काढलेले मोठे ग्रुप फोटो भराभर उलटतात आणि या चेहऱ्यांपाशी थांबतात. मग म्हणतात, "साहेबांचा हात काय आहे हो." साहेब नम्रपणे हसतात. मी बॅग आवरत असते.

तर ते बोट म्हणजे काय होतं, ते समजून घ्या. शटर दाबायचं बोट. त्या बोटासकट मी फोटोग्राफर होते. त्या बोटाशिवाय मी हमाल, आणि तीही बिनपगारी.

त्या दिवशी जेवताना नवऱ्याने सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं. नस कशी दबते ते आमच्या पाण्याच्या नळीवर पाय ठेवून दाखवलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सहा आठवडे तू उचल की."

"आई, तुला नाही कळायचं ते. फोटोग्राफरचा खांदा मोकळा हवा. खांद्यावर बॅग असली की फ्रेम सुचत नाही."

"आणि हिला सुचते ती?"

"हिला सवय आहे गं."

जेवण झाल्यावर सासूबाईंनी गरम पाण्याची पिशवी आणून माझ्या खांद्यावर ठेवली आणि एवढंच म्हणाल्या की याचे वडीलही असेच होते, फार काळजी करायचे.

सहा आठवड्यांसाठी एखादा माणूस ठेवू, असं मी सुचवलं. तर म्हणे, जन्माची कमाई असते या भिंगांत, बाहेरच्याच्या हातात कशी द्यायची? विश्वासाचं माणूस हवं. विश्वासाचं माणूस म्हणजे कोण हे सांगायची गरज पडली नाही. मी तिथेच बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून अभ्यास सुरू झाला. नवऱ्याने एक जाड वही आणली आणि पहिल्या पानावर पट्टीने रकाने आखले. खांद्याच्या पट्ट्याची रुंदी. आतली गादी. पाठीकडची जाळी. कमरेचा पट्टा. चेन सरकते कशी. पावसाचं कव्हर आहे का. एकेका बॅगेवर लोकांनी काय काय लिहिलंय ते तो सकाळी वाचायचा, दुपारी वाचायचा आणि संध्याकाळी मला वाचून दाखवायचा. कुठल्या तरी देशातला एक गिर्यारोहक अमुक बॅग घेऊन तेरा दिवस चालला आणि त्याला काही झालं नाही. मी म्हटलं, "त्याला बायको होती का बरोबर?" नवरा म्हणाला, "ते दिलेलं नाही," आणि खरंच पुन्हा शोधायला लागला.

स्वयंपाकघरातला वजनकाटा त्याने उचलून नेला. एकेक भिंग त्यावर ठेवून ग्रॅममध्ये नोंदलं. टोपणासकट आणि टोपणाशिवाय. बॅटऱ्यांचं वजन भरलेल्या आणि रिकाम्या, दोन्ही वेळचं घेतलं, आणि ते सारखंच आलं तेव्हा त्याला फार आश्चर्य वाटलं. सासूबाई तीन दिवस सगळं अंदाजाने करत होत्या. एवढं सगळं वजन केलं, पण बेरीज काही त्याने केली नाही. त्याचं म्हणणं, बॅगेचा हिशोब लिटरमध्ये असतो. आत किती मावतं ते महत्त्वाचं. बाहेरून ते कोणाला पेलतं का हा रकाना वहीत नव्हता.

बेरीज मी केली. न्हाणीघरातल्या माणसांच्या काट्यावर बॅग घेऊन उभी राहिले, मग बॅग ठेवून उभी राहिले. अकरा किलो सातशे ग्रॅम.

आणि या काळात कामं काय थांबणार होती? पहिल्या पंधरवड्यात तीन कार्यक्रम झाले. एक वाढदिवस, एक कंपनीचा समारंभ, एक लग्न. "नवी येईपर्यंत जरा सांभाळून घे," नवरा म्हणाला. एकदा मी हट्टाला पेटले. बॅग दारात आपटली आणि म्हटलं, डॉक्टरांनी काय सांगितलंय? तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं. शंभर टक्के बरोबर आहे. म्हणून तर मी दिवसरात्र त्याच मागे लागलोय ना?" त्याचे डोळे खरोखर लाल झाले होते वाचून वाचून. तेवढ्यात समारंभवाल्यांचा फोन आला, कुठपर्यंत पोचलात म्हणून. तो बोलत बोलत खाली उतरला. बॅग दारात आणि मी दारात.

उचलली मी. माझी अक्कल काढायची असेल तर खुशाल काढा. मीही रोज काढत होते. बारा वर्षं एखादी गोष्ट केली की ती नाही म्हणायच्या आधीच हातून होऊन जाते.

तिसऱ्या आठवड्यात अभ्यास पूर्ण झाला आणि आम्ही दुकानात गेलो. जुनी बॅग भरून बरोबर घेतली होती, कारण सगळं सामान नव्या बॅगेत मावतं का ते पाहायचं होतं. कोणी घेतली होती ते विचारू नका.

दुकानदार मोठा जाणकार निघाला. कडक, पण कामाचा माणूस. त्याच्याकडे वाळू भरलेल्या कापडी पिशव्या होत्या, भिंगांच्या वजनाच्या. "रिकामी बॅग कधी घालून बघू नये साहेब," तो म्हणाला, "रिकामी बॅग सगळ्यांनाच आरामदायी वाटते." मग त्याने गळ्यातली शिंप्याची टेप काढली. बॅगेचं माप म्हणे उंचीवर जात नाही, पाठीवर जातं. मानेच्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत जेवढं अंतर, तेवढी बॅग. भार कमरेवर आला पाहिजे, खांद्यांनी फक्त बॅग पडू द्यायची नाही.

"वापरणार कोण?" त्याने विचारलं.

"आम्हीच," नवरा म्हणाला आणि त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला.

दुकानदाराची टेप हवेतच राहिली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बॅगेखाली एका बाजूला कललेली, डावा हात पट्ट्याखाली घालून उभी. "ताई, तुम्ही ती खाली ठेवा ना," तो म्हणाला.

"राहू दे, राहू दे," नवरा म्हणाला. "फरशी आत्ताच पुसलेली दिसतेय."

त्याने नवऱ्याची पाठ मोजली. मग सात बॅगा झाल्या. प्रत्येक बॅग वाळूने भरायची, नवऱ्याने चढवायची, दारापर्यंत जाऊन परत यायचं, आरशात एकदा समोरून आणि एकदा बाजूने पाहायचं. एक पाठीवर असताना त्याने खाली वाकून बूट बांधून पाहिला. एक घालून पळून पाहिलं. पाचवीला म्हणाला, "ही बघ, पाठीवर काही आहे असं वाटतच नाही." एकूण चार मिनिटं ती त्याच्या पाठीवर होती. जुनी तोवर पाऊण तास माझ्या खांद्यावर होती.

शेवटी मीच बॅग ओल्या फरशीवर ठेवली आणि ती पाचवी चढवून पाहिली. कमरेचा पट्टा माझ्या मांड्यांवर आला. दुकानदार लगबगीने आत गेला आणि तीच बॅग लहान मापात घेऊन आला. माझी पाठ मोजली, वाळू भरली, चार ठिकाणी पट्टे ओढले आणि म्हणाला, "आता सोडा खांदे."

मी खांदे सोडले. सगळा भार खाली कमरेवर जाऊन बसला आणि मान मोकळी झाली. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, दुकानात उभ्या उभ्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढं सोपं होतं हे, आणि बारा वर्षं कोणी माझी पाठ मोजली नव्हती.

नवऱ्याने आपलं लांब भिंग त्या बॅगेत उभं ठेवून पाहिलं. चेन लागेना. चार बोटं वर राहत होतं.

"हे कुठे ठेवायचं मग?" तो म्हणाला.

"साहेब, एवढं एक तुम्ही स्वतःकडे ठेवलंत तर..." दुकानदार म्हणाला.

नवरा हसला. दुकानदाराने विनोद केला असं त्याला वाटलं. आम्ही मोठं माप घेतलं. "पट्टे आवळले की होतं सगळं बरोबर," तो मला रस्त्यात म्हणाला, "आणि आठवड्याभरात सवय होईल बघ."

घरी येऊन मी पट्टे आवळले. आठही पट्टे शेवटपर्यंत ओढले. तरी सुटून यायचे म्हणून टोकांना घट्ट गाठी मारल्या. तेव्हा कुठे ती बॅग माझ्या पाठीवर टिकली. कमरेवर नाहीच आली. मांड्यांवर आपटायची आणि खांदे मागे ओढायची. पूर्वी एक खांदा जात होता, आता दोन्ही जायला लागले. वजन नीट वाटलं गेलं.

इकडे नवऱ्याचा अभ्यास वाया जाऊ नये अशी व्यवस्था झाली. आमच्या फोटोग्राफर मंडळाच्या अध्यक्षांनी ती जाड वही पाहिली आणि पाहतच राहिले. अध्यक्ष स्वतः दहा वर्षं काही काढत नाहीत, पण सभा चांगल्या घेतात. म्हणाले, हे ज्ञान मंडळाला मिळालंच पाहिजे. पाचव्या रविवारी सकाळी सभागृह घेतलं आणि दारावर फलक लावला. आरामदायी बॅग कशी निवडावी, सप्रयोग व्याख्यान.

सभागृह तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. मी बॅग वर नेली आणि टेबलावर ठेवली. चाळीसेक माणसं जमली होती. नवऱ्याने नवा शर्ट घातला होता. मला म्हणाला, "माझे बोलतानाचे चारदोन चांगले घे. चेहऱ्यावर भाव असतील तेव्हा."

तो चांगला बोलतो, हे मान्य केलं पाहिजे. खांद्याची रचना सांगितली, नस सांगितली, पाण्याच्या नळीचा प्रयोगही सांगितला. म्हणाला, "मित्रहो, बॅग ही फोटोग्राफरची सोबतीण असते. ती निवडताना घाई करू नका. मी स्वतः तीन आठवडे घेतले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. "चांगल्या बॅगेची खूण एकच. आपण ती घेतली आहे हे आपल्याला विसरता आलं पाहिजे. मी तर साफ विसरून जातो." पुन्हा टाळ्या.

मी कोपऱ्यातून फोटो घेत होते. म्हणजे घेत होते असं मला वाटत होतं. बोटाला बटण लागतंय की नाही ते आता कळत नव्हतं. आवाज झाला की समजायचं, फोटो निघाला. आणि टाळ्या वाजायला लागल्या की आवाज ऐकू येत नव्हता. कॅमेऱ्यात मागचे फोटो पाहिले तर त्याच्या भावपूर्ण चेहऱ्याच्या जागी काहीच नव्हतं. एकही निघाला नव्हता. बोट डोळ्यांसमोर धरलं, नखाने दाबलं, दातांनी चावलं. दुसऱ्या कोणाचं तरी बोट असावं तसं ते नुसतं माझ्या हाताला होतं.

पुढे नवरा प्रयोगाला लागला. "आता बॅग चढवायची योग्य पद्धत," असं म्हणून त्याने टेबलावरची बॅग उचलली. उचलताना त्याच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. त्याने डावा हात एका पट्ट्यातून घातला, तो गेला. उजवा घातला, तो कोपरापर्यंत गेला आणि तिथेच अडकला. ना पुढे ना मागे. कोपर वर, बॅग तिरकी, शर्ट काखेत गोळा झालेला. "आज पट्टे जरा वेगळे बसलेत," तो माइकमध्ये म्हणाला. अध्यक्ष मदतीला धावले आणि त्यांनी बॅग खाली ओढली, तसा नवराही खाली गेला.

पहिल्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे आणि त्या पक्ष्यांचे फोटो काढतात. त्यांनी हात वर केला. "भरलेल्या बॅगेचं वजन किती आहे तुमच्या?"

"तीस लिटर," नवरा म्हणाला. कोपर अजून वरच होतं.

"लिटर नाही हो. किलो."

नवऱ्याने वहीकडे पाहिलं, अध्यक्षांकडे पाहिलं, आणि मग सवयीने माझ्याकडे पाहिलं.

"अकरा किलो सातशे," मी म्हटलं. "आणि पट्टे माझ्या मापाचे आहेत. बॅग मी उचलते. माझं बोट गेलंय त्याच्यापायी."

वाटलं, झालं, आता सगळं उघडं पडलं, आता कोणाला तरी लाज वाटेल.

अध्यक्षांनी माइक हातात घेतला. दुसऱ्या हाताने डोळे टिपले. "मित्रहो," ते म्हणाले, "याला म्हणतात साथ. वहिनी, तुम्ही आमच्या साहेबांचा कणा आहात." आणि चाळीसच्या चाळीस माणसं टाळ्या वाजवत उभी राहिली. चष्म्याच्या दुकानवाल्या बाई तेवढ्या बसून होत्या. व्याख्यात्यासाठी आणलेला फुलांचा गुच्छ अध्यक्षांनी आम्हा दोघांच्या हातात मिळून दिला आणि आमचा फोटो काढला. शिवी दिली असती तर उत्तर देता आलं असतं, टाळ्यांना काय उत्तर देणार?

निघालो. बॅग माझ्या पाठीवर होती, म्हणून गुच्छ त्याने घेतला. पुढे तो, मागे मी, असे जिना उतरायला लागलो. "छान बोललीस हं," तो वळून म्हणाला. "माझी जरा फजिती झाली, पण लोकांना तुझं फार आवडलं." तो खरंच खूश होता माझ्यावर.

दुसऱ्या मजल्यावर मी कठड्याला हात लावला तर कठडा हाताला लागेना. दिसत होता, पण लागत नव्हता. मी बॅग काढली आणि पायरीवर ठेवली.

"मी आता ही उचलणार नाही," मी म्हटलं.

"हो हो, टेक दोन मिनिटं."

"दोन मिनिटं नाही. पुन्हा कधीच नाही."

तो थांबला. गुच्छ या हातातून त्या हातात घेतला. रागावला नाही, टोमणा मारला नाही. त्याने अगदी सरळ मनाने विचारलं, "मग कोण उचलणार?"

आणि त्याने जिन्यात वर पाहिलं, खाली पाहिलं. कोणी दिसतंय का ते तो खरोखर पाहत होता. बारा वर्षांचा संसार मला त्या एका नजरेत दिसला. मी कठड्याला पाठ टेकून उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्याला कळलं की जिन्यात दोघंच आहोत आणि त्यातली एक नाही म्हणाली आहे.

तो बॅगेपाशी बसला आणि पट्टे ओढायला लागला. "हे सैल कुठून होतं?"

"चाळीस मिनिटं तूच तर सांगत होतास."

माझा हात गाठीकडे गेला होता. आपोआप गेला, मी पाठवला नव्हता. मी तो मागे घेतला आणि खिशात घातला. त्याने गाठ नखांनी ओढून पाहिली, दातांनी ओढून पाहिली, मग नाद सोडला आणि बॅग दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळली, वर गुच्छ ठेवला. एकेक पायरी चाचपत उतरायला लागला. फुलं पडत होती आणि त्याला पायरी दिसत नव्हती. पहिल्या मजल्यावर तो भिंतीला टेकून खाली बसला. तोंड लाल झालं होतं.

"एवढी जड आहे ही?" त्याने विचारलं.

मी वरच्या पायरीवर टेकले.

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

यावर मी हसले. मोठ्याने हसले, जिन्यात आवाज घुमला, आणि हसता हसता पुन्हा रडायला आलं. त्याला मात्र त्यातलं काही कळलं नसावं, कारण त्याने मला पाण्याची बाटली दिली.

त्या दिवसानंतर मी बॅगेला हात लावला नाही. पुढच्या कार्यक्रमाला त्याने ती स्वतः नेली. त्यासाठी पट्ट्यांच्या गाठी कात्रीने कापल्या. फ्रेम सुचली नाही, कंबर धरली, आणि सासूबाईंची गरम पाण्याची पिशवी आता त्याच्याकडे गेली. त्यानंतरच्या कार्यक्रमाला लांब भिंग घरीच राहिलं आणि दोन फ्लॅशही राहिले. कोणाच्याही अल्बममध्ये त्याने काही बिघडलं नाही.

सहा आठवडे झाले तशी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. या वेळी त्यांनी मशीन लावलं, हाताला बारीक झटके दिले, पडद्यावरच्या रेषा पुन्हा पुन्हा पाहिल्या. अंगठा येईल, म्हणाल्या, हळूहळू येईल. तर्जनीची रेषा त्यांनी तीनदा काढली आणि तिन्ही वेळा ती सपाट आली. या बोटाची आशा आता धरू नका, असं त्यांनी मला सांगितलं. आवाज मऊ ठेवून सांगितलं, पण सांगितलं.

मी हात मांडीवर ठेवून बसले. मधल्या बोटाने शटर दाबता येईल, लोक दाबतात, मीही शिकेन. पण चेहरा क्षणभरच तसा असतो, आणि त्या क्षणाला माझं कुठलं बोट धावायचं ते स्टुडिओत शिकत होते तेव्हाच ठरलेलं होतं.

डॉक्टरीणबाई चष्मा काढून नवऱ्याकडे वळल्या. आता त्या चिडल्या होत्या. "मी तुम्हाला सहा आठवडे दिले होते. वेळेवर थांबला असतात तर हे बोट वाचलं असतं. सहा आठवडे तुम्ही करत काय होतात?"

नवऱ्याने माझ्या हाताकडे पाहिलं.

"बॅग निवडत होतो," तो म्हणाला.